दादाचा नियम आणि माझी एक जून

माझा थोरला भाऊ जयवंतराव शिर्के हा माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे, तेव्हा नंतर कोणी म्हणायला नको की सुहासिनीबाईंनी सख्ख्या भावाची निंदा केली. चांगलाच आहे तो. पण सरळपणालाही काही माप असतं की नाही? त्या सरळपणापायी आमच्या घराचे दोन दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत.

दादा रेल्वेत होता. बडोद्याला प्रतापनगरच्या ऑफिसात पस्तीस वर्षं कारकुनी केली, पण जीव सगळा टेनिसमध्ये. पहाटे पाचला सायकल काढायची, कोर्टावर जायचं, लाल मातीवर पाणी मारायचं, चुन्याच्या रेषा ओढायच्या आणि नऊ वाजेपर्यंत पोरांना शिकवायचं. दहाला पुन्हा टेबलावर हजर. वहिनी होत्या तोवर म्हणायच्या, "यांच्या धोतराला नाही, पण पायजम्याला मातीचा काठ असतो बघा." वहिनी गेल्या आणि दादा हरणी भागात आमच्याच सोसायटीत, आमच्या शेजारच्या घरात राहायला आला. दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडचं. सकाळी डबा, रात्री पानावर.

एक्क्याऐंशी साली त्याला ज्युनियर मुलामुलींच्या निवड समितीवर घेतलं. परदेशी स्पर्धांना कोण जाणार, कोण नाही, हे ठरवायचं काम. मान मोठा, आणि शिव्याही तेवढ्याच मोठ्या. दादाने त्या कामाचं सोवळं करून टाकलं. ज्याची पोर चाचणीला खेळते आहे त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. कुंपणाच्या जाळीमागे, पालकांपासून लांब, आपली घडीची खुर्ची टाकून बसायचं. कोणी "जयवंतकाका, केम छो?" म्हणत खमणाचा डबा पुढे केला की हा मान हलवून पाठ फिरवायचा. लोक तोंडावर साहेब म्हणायचे आणि मागे खडूस म्हणायचे. दोन्ही खरंच होतं.

आणि एक नियम. त्या नियमाचीच ही सगळी गोष्ट आहे.

त्रेसष्ट सालची हकीकत. गुजरात राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. राज्याच्या ज्युनियर संघात शेवटची एक जागा उरली होती आणि तिच्यासाठी दादाची मॅच लागली एका गड्याशी. अठराच्या आतल्या मुलांचा संघ. दादा सतरा वर्षांचा, काडीसारखा. समोरचा सकाळी गुळगुळीत दाढी करून आला होता, पण तिसऱ्या सेटपर्यंत त्याचे गाल हिरवे पडले, असं दादा अजून सांगतो. दादा हरला. वर्षभराने कळलं, त्या 'मुलाला' दोन लेकरं होती! आमचे वडील हसले. दादा हसला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हा तर पाणीसुद्धा फुंकायला लागला.

म्हणून समितीवर गेल्यावर त्याने वयचोरांच्या पाठी हात धुऊन लागायचं ठरवलं. चौदाच्या आतल्या स्पर्धेत सोळाची पोरं घुसवणारे आईबाप थोडे नव्हते. कोर्टकचेरीत जाऊन नवीन दाखला करून आणायचे, त्यावर दीड वर्ष कमी. तेव्हा पंच्याण्णव साली दादाने समितीकडून नियम करून घेतला. प्रत्येक पोराचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला, दोन्ही बघायचे. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या तर मोठं वय धरायचं. विषय संपला. रडारड नाही, वकील नाही, आजी-आजोबा नाहीत.

आजी-आजोबा नाहीत, हे शब्द त्याचेच.

आता केतकी. माझ्या मुलाची मुलगी, माझी एकुलती एक नात. डावखुरी आहे आणि हट्टी आहे. हट्ट कोणाचा घेतला ते विचारू नका, घरात सगळे माझ्याकडे बघतात. तिच्या हातात रॅकेट दादानेच दिली. पण दहा वर्षांची झाली आणि चांगली खेळायला लागली तशी त्याने तिला दुसऱ्या प्रशिक्षकाकडे पाठवून दिलं. म्हणाला, "उद्या निवडीला आली तर लोक म्हणतील, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं." पोर आठ दिवस रुसली होती. दादाही रुसला होता, पण ते फक्त मला कळलं.

दोन हजार आठ साली मलेशियाला चौदाच्या आतल्या मुलींची आशियाई स्पर्धा होती. देशातून तीन मुली जायच्या होत्या आणि त्या वर्षी चाचणी नेमकी बडोद्यात ठेवली. फेब्रुवारी महिना, सोळा मुली, सहा दिवस. समितीत तिघं. अध्यक्ष किरीटभाई अमीन, बडोद्याचेच, मशीनचे सुटे भाग बनवायचा कारखाना असलेले. दुसऱ्या चेन्नईच्या एक बाई, स्वतः देशाकडून खेळलेल्या. आणि तिसरा आमचा दादा. केतकीच्या निवडीत दादा मत द्यायचा नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी लिहून दिलं.

एवढ्यावर भागलं असतं तर तो दादा कसला! चाचणी सुरू व्हायच्या आदल्या रात्री येऊन मला म्हणाला, "सुहास, उद्यापासून डबा नको."

"का रे? भाजी आवडेनाशी झाली?"

"तुझ्या घरची पोर खेळते आहे. निवड होईपर्यंत तुझ्या घरचं नको."

सहा दिवस एकसष्ट वर्षांचा माणूस शेजारच्या घरात स्वतः खिचडी शिजवत होता. करपल्याचा वास आमच्या स्वयंपाकघरात यायचा. माझी सून निरुपमा म्हणाली, "आई, मी गुपचूप भाकरी ठेवून येऊ का?" मी म्हटलं, ठेव, तो कुत्र्याला घालेल.

केतकी तिसरी आली. तिसऱ्या जागेसाठीची मॅच पावणेतीन तास चालली. मी जपाची माळ नेली होती, तिचे मणी मोजायचं विसरून मी दोरा नुसता पिळत बसले होते. शेवटचा पॉइंट झाला आणि पोर मातीत बसकण मारून रडली. तीन मुलींत तिसरी! मलेशिया! त्या दिवशी मी दोन शेर शिरा केला आणि सोसायटीत वाटला. दादाला मात्र नाही. निवडीचा कागद अजून निघाला नव्हता ना.

दुसऱ्या दिवशी कागद तपासायचे होते. हे काम दादा कोणाला देत नसे. दुपारी बाराच्या सुमारास तो आला, चपला बाहेर काढल्या आणि ओसरीवर उभाच राहिला.

"केतकीचं नाव मी बाजूला काढलं," तो म्हणाला.

मला वाटलं चेष्टा करतो आहे. दादा चेष्टा करत नाही, हे मला बासष्ट साली कळलं होतं, तरी.

"महानगरपालिकेच्या दाखल्यावर नऊ जानेवारी चौऱ्याण्णव. शाळेच्या दाखल्यावर एक जून त्र्याण्णव. मुलगी एक जानेवारी चौऱ्याण्णवच्या नंतरची हवी. मोठं वय धरलं की ती बसत नाही."

निरुपमाच्या हातातला तांब्या खाली पडला. आणि मी? माझ्या पायाखालची फरशीच सरकली. कारण ती एक जून माझी होती.

आता ऐका माझा पराक्रम. मी शाळेत मास्तरीण. नव्व्याण्णव साली केतकी साडेपाच वर्षांची. आमच्या शाळेत पहिलीला सहा पूर्ण लागायची. पोर वाचायला लागली होती, पाढे म्हणायची, उगाच एक वर्ष घरात का बसवायची? प्रवेशाचा फॉर्म मीच भरला. जन्मतारखेच्या चौकटीत एक जून त्र्याण्णव लिहिलं आणि खाली सही ठोकली. मास्तरणीच्या नातीला दाखला मागतो कोण? आणि मी काही जगावेगळं केलं नव्हतं हो. माझ्या वर्गात साठ पोरं असायची आणि त्यातली वीस एक जूनला जन्मलेली. तीस वर्षं मी हजेरीपटावर ही एक जून बघत आले. मनात म्हणायचे, या गावात बायका जूनच्या पहिल्या तारखेचीच वाट बघत बसतात की काय! हसायचे. आणि माझ्या नातीची वेळ आली तेव्हा हात आपोआप त्याच तारखेकडे गेला. नंतर विसरूनही गेले. घरात वाढदिवस जानेवारीतच व्हायचा. निरुपमाने चाचणीचा फॉर्म भरताना शाळेतून दाखला आणला, पाकिटात घातला, उघडून बघितलासुद्धा नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पण हे कबूल करायच्या आधी मी भांडले. चूक आपली असली की माणूस जास्त भांडतं.

"दादा, ती कधी जन्मली ते तुला माहीत नाही का? उत्तरायणाच्या पाच दिवस आधी. गच्चीवर पोरं पतंगाला दोर लावत होती आणि तू दवाखान्यात पेढे घेऊन आला होतास!"

"मला माहीत आहे."

"मग?"

"मला माहीत आहे म्हणून कागद बदलत नाही, सुहास. उद्या प्रत्येक मामा-काका येऊन सांगेल, मला माहीत आहे."

"म्हणजे चोरांसाठी केलेला सापळा आणि अडकली घरची पोर!"

"सापळ्याला घर कळत नाही," तो म्हणाला आणि गेला.

मी त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. मागून म्हटलं, ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. लोक वय कापून आत जातात, आम्ही वय वाढवून बाहेर पडलो. अशी अक्कल आमच्याच घराण्यात असायची!

केतकी आतल्या खोलीत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आदळआपट करेल. ती बाहेर आली, माझ्यासमोर बसली आणि विचारलं, "आजी, तू खोटं का लिहिलंस?"

मी म्हटलं, "तुझं वर्ष वाचावं म्हणून ग."

"पण मी तुला म्हटलं होतं का?"

एवढंच. मग उठली आणि आपले मातीने भरलेले बूट धुवायला बसली. नळाखाली कितीतरी वेळ एकच बूट घासत होती. तीस वर्षं मी पोरांना कान धरून खरं बोलायला शिकवलं. त्या दिवशी माझा कान धरायला कोणी नव्हतं आणि कोणी धरला असता तर बरं वाटलं असतं. लाज वाटली मला. अन्न गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दादा आला. चपला काढल्या, सरळ आत आला आणि जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

"पोहे टाक," म्हणाला.

मी गॅसजवळच थांबले. निरुपमाने माझ्याकडे बघितलं. आठवडाभर आमच्या घरचं पाणी न घेणारा माणूस पोहे मागत होता.

"दादा, तू..."

"रात्री किरीटभाईंना पत्र देऊन आलो. समितीतून बाहेर पडलो. आता मी तुझा भाऊ आहे, दुसरा कोणी नाही. पोहे टाक, आणि मग चांगलं लुगडं नेस. दुपारी चारला यादी दिल्लीला जाणार आहे. त्याच्या आत आपल्याला दोघांना जाऊन उभं राहायचं आहे."

"दोघांना?"

"तारीख तुझी, नियम माझा. एकट्याने जाऊन कसं चालेल?"

मी पोहे केले. डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकललं. त्याने दोनदा मागून घेतले.

चाचणी झाली त्या क्लबाच्या ऑफिसात एक लांब टेबल होतं. सत्तावीस वर्षं दादा अशाच टेबलांच्या पलीकडच्या बाजूला बसलेला. त्या दिवशी अलीकडे उभा राहिला, हात मागे बांधून. किरीटभाई एकदम उठले. "अरे जयवंतभाई, बेसो ने!" दादा बसला नाही. मीही मग उभीच राहिले.

दादाने मला खूण केली. मी बोलायला लागले. हजार पोरांसमोर बोलायची सवय असलेली बाई मी, पण पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. सगळं सांगितलं. मी शिक्षिका होते, खोटी तारीख माझ्या हाताने लिहिली, सही माझी आहे, आईबापांना ठाऊक नव्हतं, पोरीला तर नाहीच. मला जी शिक्षा द्यायची ती द्या, शाळेला कळवायचं तर कळवा, पण खरी तारीख जानेवारीचीच आहे.

किरीटभाईंनी चष्मा काढला. माणूस प्रेमळ, पण व्यवहाराला पक्का. म्हणाले, "बेन, तुमचं मला पटतं. पण बघा, दर वर्षी आमच्या टेबलासमोर एक आजी रडते. आणि तुमची तारीख पाहा ना. मर्यादा एक जानेवारी, मुलगी नऊची. आठ दिवस फक्त आत! कोणीही म्हणेल, बराबर मोजून बनवली." मग दादाकडे वळले. "अने जयवंतभाई, रूल तो तमेज बनाव्यो छे ने?"

"मीच बनवला," दादा म्हणाला. "चुकीचा बनवला."

माझ्या भावाच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"किरीटभाई, ज्युनियरच्या मॅचला पंच नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, ते पोरानेच सांगायचं. आणि त्यांना आपण पहिल्या दिवसापासून काय शिकवतो? बाहेर पडलेला स्वच्छ दिसला तरच बाहेर म्हण. शंका आली की चेंडू आत. दहा वर्षांचं पोर हे पाळतं, स्वतःचा पॉइंट घालवून पाळतं. आणि आपण साठीची माणसं या टेबलावर बसलो की काय करतो? शंका आली की पोर बाहेर. शंका आली तर नीट बघायला हवं होतं. बघायचा मला कंटाळा होता, म्हणून मी नियम केला."

किरीटभाई टेबलावर बोटं वाजवत राहिले. टेबलाच्या टोकाला बसलेल्या चेन्नईच्या बाईंनी मग हिंदीत विचारलं, "दाखला नवा आहे, कॉम्प्युटरचा. पण जन्म झाला तेव्हाचं मूळ रजिस्टर असेल ना? त्यात वरच्या-खालच्या नोंदी असतील. चौदा वर्षांनी मधे ओळ घुसवता येत नाही."

किरीटभाईंनी घड्याळ बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं. "चालो," म्हणाले, "मी स्वतः येतो."

महानगरपालिकेची कचेरी खंडेराव मार्केटात. त्यांच्या गाडीतून गेलो. लहरीपुऱ्याच्या बाजूला नेहमीची गर्दी, एक हातगाडी आडवी, गाडी हलेना. मी मनात तेहतीस कोटींना हाका मारल्या. दादा पुढे बसून खिडकीतून बघत होता, पण त्याची मान ताठ झाली होती आणि कानशिलावरची शीर उडत होती. तेव्हा मला कळलं, हा माझ्यापेक्षा जास्त घाबरला आहे. मी निदान ओरडून मोकळी झाले होते.

जन्म-मरणाच्या खिडकीवर एक तरुण बाई होत्या. किरीटभाईंनी काम सांगितलं. त्या आत गेल्या आणि पंधरा मिनिटांनी पुठ्ठ्याच्या बांधणीचं एक जाडजूड रजिस्टर घेऊन आल्या. गुजरातीत लिहिलेलं, निळ्या शाईचं. जानेवारी चौऱ्याण्णव. त्या बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या. "आ रह्युं," म्हणजे हे बघा, इथे आहे.

नोंद केल्याची तारीख बारा जानेवारी. जन्म नऊ जानेवारी. माझ्या मुलाचं नाव, निरुपमाचं नाव, दवाखाना. पुढे लिहिलेलं, स्त्री. आणि नावाचा रकाना कोरा.

"नाम नथी," किरीटभाई म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

"बारसं झालं नव्हतं हो अजून!" मी जवळजवळ किंचाळले. "तीन दिवसांचं पोर, नाव कुठून असणार? आणि माझ्या सुनेला दुसरं मूलच नाही, सोसायटीत कोणालाही विचारा."

खिडकीवरच्या बाई हसल्या. म्हणाल्या, "काका, आखुं पानुं जुओ." किरीटभाईंनी पान खालीवर पाहिलं. निम्म्या नोंदींना नाव नव्हतं. केतकीच्या वर मकरपुऱ्याचा एक मुलगा, खाली वाडीतल्या जुळ्या मुली, सगळे त्याच दोन-तीन दिवसांतले, एकाच हाताचं अक्षर, क्रमांक एकापुढे एक. मधे केसभरही जागा नव्हती. किरीटभाईंनी चष्मा वर सरकवला, दादाच्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाले, "छोकरी आत आहे, जयवंतभाई."

अहो, माझा जीव जो भांड्यात पडला म्हणता! मी तिथेच बाहेर पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. भाजीच्या पाट्या घेऊन माणसं बाजूने जात होती, एक बाई थांबून विचारती झाली, "शुं थयुं, बा? कोई गुजरी गयुं?" मी म्हटलं, नाही ग बाई, कोणीतरी जन्मलं. तिला काय कळलं कोण जाणे, तिने माझ्या हातात दोन पेरू ठेवले आणि गेली. दादा माझ्या शेजारी पायरीवर बसला. रडला नाही, पण रुमाल काढून चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला.

किरीटभाईंच्या मोबाईलवरून घरी फोन लावला. निरुपमाने केतकीला दिला. मी सांगायला लागले, पण हुंदक्यांपुढे शब्द फुटेना. पोर म्हणते, "आजी, आधी रडून घे. मी थांबते." मग कळल्यावर फोनमध्ये अशी किंकाळी आली की किरीटभाईंना चार हातांवर ऐकू गेली. यादी साडेतीनला दिल्लीला गेली. तीन नावं, तिसरं केतकीचं.

संध्याकाळी दादा आमच्याकडे पानावर बसला होता. हात धुवायच्या आधी खिशातून एक कोरा कागद काढून त्याने माझ्यापुढे सरकवला. किरीटभाईंनी निरोप दिला होता, जुना नियम काढतो, नवा लिहून द्या.

"तू लिही," दादा म्हणाला.

"मी कशाला? मी कोण समितीची?"

"खोटी तारीख कशी लिहितात ते आमच्यात तुलाच माहीत."

बघितलंत? सगळ्या जगापुढे माझी शोभा करून झाल्यावर आता घरातही! पण मी चष्मा लावला आणि लिहिलं. दोन कागदांवर दोन तारखा आढळल्या तर मुलाला बाहेर काढू नये. जन्माच्या वेळची मूळ नोंद मागवून बघावी. आणि ज्या मोठ्या माणसाने तारीख लिहिली असेल त्याला समोर बोलवावं, मुलाला नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा गिरवलं.

दादाने कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. पान वाढलेलं होतं, पण तो जेवेना. आमटीवर साय धरायला लागली.

"तेरा वर्षं मी तो नियम चालवला, सुहास," तो हळू म्हणाला. "किती पोरं परत पाठवली. त्यात चोर किती होते आणि केतकी किती होत्या, मला आता कसं कळणार?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण हे उत्तर मला शोधावं लागलं.

"दादा," मी म्हटलं, "ज्या केतकी होत्या ना, त्यांच्याही घरी एकेक सुहासिनी होती. ती खरं सांगायला आली नाही. तू एकट्याने सगळ्यांचं कशाला घेतोस? निम्मं आमचं आहे."

दादाने भातावर आमटी ओढली आणि म्हणाला, "तूप वाढ."